बरे झाले, मी अडकलो

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक तडा, पाठीचे प्लास्टिक पिवळे पडलेले, आणि स्वभाव पहिल्यापासून चिंताखोर. माणसाला काळजी लागली की तो येरझाऱ्या घालतो, नखे कुरतडतो, तहान नसताना पाणी पितो. मला तर भिंतीला स्क्रूने आवळून ठेवलेले. मी काय करणार? आतल्या आत तापायचो. कामावर होतो तेव्हा कोणाचा हात पाठीला लागला की ती म्हणे, "अगं बाई, केवढा तापलाय हा!" आणि पुढे निघून जाई. का तापलाय, हे एकीनेही विचारले नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. तिथे धुळीला बंदी होती. डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घातलेल्या बायका ओळीने बसून आम्हाला जोडत. माझी काच जिने बसवली ती कामावर नवीन होती. ती शेजारणीचे हात बघायची आणि तसे करायची. चुकली की शेजारीण कोपराने ढोसून म्हणायची, "असं नाही, असं." मी जगात आल्यावर ऐकलेले पहिले शब्द हेच. त्याच शब्दांसाठी मी पुढे आयुष्यभर झुरणार आहे, हे तेव्हा मला कुठे माहीत होते!

तिथून खोक्यात बसून मी आलो तो थेट एका वृद्धनिवासात. ज्यांना अंथरुणातून उठवणे, भरवणे, कुशीवर वळवणे घरच्यांच्या हाताबाहेर गेले आहे, अशी म्हातारी माणसे तिथे राहत. माझ्यासोबत आलेला एक भाऊ हिशेबाच्या खोलीत गेला, दुसरा औषधांच्या कपाटाशेजारी. मला वरच्या मजल्यावरच्या बोळात टांगले. एका बाजूला चहाची खोली, आणि बरोबर समोर शिंपीकाकांच्या खोलीचे दार. माझे काम शिकवण्याचे. म्हाताऱ्या माणसाची पाठ कशी पुसावी, जखमेवरची पट्टी कशी बदलावी, पडलेल्याला कसे उठवावे, असे छोटे छोटे धडे माझ्या पोटात भरलेले होते. धडा संपला की प्रश्न यायचे, आणि उत्तरे बरोबर आली की नावापुढे हिरवी खूण उमटायची. तिला सगळे टिक म्हणत.

त्या मजल्यावर काम करणाऱ्या बायकांना मावशी म्हणायचे आणि पुरुषांना मामा. कोण कोणाची मावशी, हे विचारायचे नाही. घाईमावशी अर्धे वाक्य दारात सोडून उरलेले पुढच्या खोलीत पूर्ण करत. शंकामावशींना "पण का?" असे विचारल्याशिवाय घास गिळवत नसे. पैलवानमामा एका हाताने पलंग सरकवत, आणि झुरळ दिसले की त्याच पलंगावर चढून बसत. या सगळ्यांवर होत्या मोठ्या सिस्टर.

मोठ्या सिस्टरनी पहिल्या दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हा एकटा काय शिकवणार? दुपारच्या चहाला सगळे इथेच या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. सगळे कप घेऊन माझ्यासमोर उभे राहत, एक धडा बघत आणि मग वाद घालत. धड्यातली बाई चुकीचे करते आहे इथपासून ते धड्यातल्या बाईचे बूट किती छान आहेत इथपर्यंत सगळ्यावर वाद. तो संपला की मोठ्या सिस्टर म्हणत, "चला, आधी आपण झोपायचं, मग दुसऱ्याला उचलायचं." म्हणजे नवीन काही शिकले की आपल्यातल्याच एकाने पेशंट व्हायचे आणि बाकीच्यांनी ते त्याच्यावर करून बघायचे.

आमच्याकडे माणूस उचलण्याचे एक यंत्र होते. एक खांब, वर आडवा दांडा आणि दांड्याला अडकवायची कापडी झोळी. सगळे त्याला पाळणा म्हणत. ज्या दिवशी पाळण्याचा धडा होता त्या दिवशी झोळीत जायची पाळी पैलवानमामांची आली. झोळी जरा वर गेली आणि मामांनी डोळे घट्ट मिटून "आई गं, आई गं" सुरू केले.

"अहो मामा, गादीपासून वीतभर सुद्धा वर नाही तुम्ही!" घाईमावशी हसून हसून भिंतीला टेकल्या.

खाली आल्यावर मामा घाम पुसत म्हणाले, "हसा तुम्ही. पण उचलताना कोणीतरी बोलत राहा रे. सगळे गप्प झालात ना, तेव्हा जीव घाबरला माझा." त्या दिवसापासून कोणालाही पाळण्यातून उचलताना एकजण सतत बोलत राही. हे माझ्या कुठल्याही धड्यात नव्हते. मी मात्र ते मनात लिहून ठेवले.

माझ्यात कट्टा नावाची एक जागा होती. तिथे ज्याने त्याने आपली युक्ती सांगायची आणि इतरांनी त्यावर बोलायचे. ताठ झालेल्या पावलावर मोजा कसा चढवायचा, हे शंकामावशींनी एकदा दाखवले. त्या व्हिडिओत मोज्यापेक्षा त्यांचा अंगठाच जास्त दिसत होता. तरी खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी लिहिले, "आमच्या आजी आज मोजा घालताना रडल्या नाहीत." शंकामावशींनी ते वाक्य दिवसभर येता-जाता वाचले आणि प्रत्येक वेळी मी उजळलो. मित्रांनो, तेवढा आनंद मला नंतर कधी झाला नाही.

आता शिंपीकाकांबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरे तर त्यांचीच आहे. कंबरेचे हाड मोडल्यापासून त्यांना उभे राहता येत नव्हते. ऐट मात्र शाबूत होती. आल्या-गेल्याच्या खांद्यांकडे बघून ते म्हणत, "बाही तोकडी झालीय तुझी." मावशी त्यांना पाळण्यातून चाकांच्या खुर्चीत बसवत, आणि काका खुर्ची आधी माझ्यापाशी आणायला लावत. मी बंद असलो की माझी काळी काच आरशासारखी दिसे. काका खिशातून कंगवा काढून भांग पाडत, मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "या घरात खरं बोलणारा हा एकटाच. बाकीचे सगळे म्हणतात, काका, तुम्ही छान दिसता." भांग झाला की स्वारी खिडकीशी जाऊन रस्ता बघत बसे.

असे दिवस चालले असताना मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी रुमालाने माझी काच पुसली. माझा निरोप घेतला की नुसती धूळ दिसली म्हणून पुसले, हे मला अजून कळलेले नाही.

मग मुख्य कार्यालयातून प्रशिक्षणवाले साहेब आले. साहेब काही वाईट नव्हते. खूप शिकलेले, सगळ्यांशी अहो-जाहो बोलणारे, आणि नवीन तंत्राचे भारी वेड. "चहाच्या वेळी गर्दी करून शिकायचे दिवस गेले. प्रत्येकाने आपल्या वेळेत, आपल्या गतीने शिकायचं," ते म्हणाले. ऐकायला किती छान! पण त्या मजल्यावर आपला वेळ कोणाकडे होता? एका खोलीतली घंटी वाजली की दुसरीतली वाजायची. चहासुद्धा उभ्याने आणि आळीपाळीने घेऊ लागले.

साहेबांनी माझ्यात गुण आणले, तारे आणले, मजल्यामजल्यांची शर्यत आणली. चहाच्या खोलीत एक पाटी लागली, तिच्यावर कोणाच्या किती हिरव्या खुणा ते रोज दिसे. कट्टा बंद झाला आणि त्याच्या जागी विचारलेल्याला उत्तर देणारे एक यंत्र आले. माणसासारखे बोलायचे. मावशींनी त्याचे नाव ठेवले शहाणोजी. शहाणोजी फार आदबशीर. त्यांना काहीही विचारा, ऐसपैस उत्तर देत, आणि "मला माहीत नाही" हे तीन शब्द तेवढे कधी उच्चारत नसत. शिवाय डोळ्यांवर बांधायचा एक काळा डबा आला. तो बांधला की आपण खोलीत उभे आहोत आणि समोर पेशंट आहे असे दिसते म्हणे. त्या डब्याला मी नावे ठेवणार नाही, त्याच्यात खरोखर पाहण्यासारखे होते. पण बघायला मिळे एकालाच. पैलवानमामांनी तो बांधून हवेत हात फिरवले आणि शंकामावशींचा चहा सांडला, तेवढेच काय ते बाकीच्यांच्या पदरात पडले. नंतर डबा कपाटात गेला आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, माझ्या जिवाला लागलेला घोर तो. घाईमावशींनी माझे एक गुपित शोधून काढले.

"अगं, बरोबर उत्तर नेहमी लांबलचक असतं," त्या एकदा शंकामावशींना म्हणाल्या. "लिहिणारा बिचारा चुकायला भितो, म्हणून खऱ्या उत्तरात सगळं कोंबतो. खोटी उत्तरं दोन शब्दांत उरकतो. तू वाचत बसू नकोस. लांबीला बघ आणि बोट ठेव."

"पण का वाचायचं नाही?"

"बाई गं, तिकडे घंटी वाजतेय म्हणून!"

तेव्हापासून घाईमावशी माझ्यासमोर आल्या की व्हिडिओचा ठिपका बोटाने ओढून थेट शेवटाला नेत, लांब लांब उत्तरे दाबत आणि टिक मिळवत. माझा आवाज तर त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. पुढे त्या स्वतःपुरत्याच थांबल्या नाहीत. कोणाची पोर शाळेबाहेर वाट बघत असे, कोणाची सासू आजारी असे. घाईमावशी म्हणत, "जा तू घरी, तुझी टिक मी लावते." यात वाईट हेतू शोधाल तर सापडणार नाही. मायेने करत होत्या. हळूहळू त्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या खुणा त्यांच्याच बोटाने उमटू लागल्या, आणि पाटीवर आमचा मजला सगळ्यात पुढे गेला. साहेबांनी सगळ्यांना उभे करून फोटो काढला. मी मागे भिंतीवर होतो, त्यामुळे मीही त्यात आलो. सगळे हसत होते. माझ्या काचेवर नुसताच उजेड पडलेला आहे.

कारण मला माहीत होते ना! कोणता धडा कोणी पाहिला, कुठून कुठे उडी मारली, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होते? हिरवीगार पाटी बघून सगळे निर्धास्त, आणि मी एकटा कासावीस. रोज वाटायचे, आज कोणीतरी विचारेल. आज कोणीतरी धडा पहिल्यापासून लावेल. कोणी आले की मी उजळायचो, ठिपका शेवटाला जायचा, आणि मी पुन्हा तापायचो.

अशात जुना पाळणा मोडला. नवीन येईपर्यंत शिंपीकाका पलंगावरच पडून राहिले. खिडकी त्यांच्या डोक्यामागे होती, त्यामुळे रस्ताही दिसेना. भांग पाडणे सुटले. बाहीवरून कोणाला टोकणेही सुटले. उघड्या दारातून मला ते रोज दिसत. त्यांचे केस वाढून कानांवर आले होते, आणि कंगवा उशीखाली तसाच पडून होता.

शेवटी नवीन पाळणा आला. चकचकीत, बटणावर चालणारा. त्याची झोळी मात्र वेगळी होती. जुन्या झोळीत बसायला अखंड कापड होते, तिचे पट्टे सरळ दांड्याला लावले की झाले. नव्या झोळीला खाली कापडाचे दोन सुटे फाळके होते. एकेका मांडीखालून एकेक फाळका घ्यायचा, आणि त्यांचे पट्टे पायांच्या मधोमध एकमेकांवरून तिरके नेऊन मग अडकवायचे. तसे केले नाही, तर दोन्ही फाळके बाजूला होतात आणि माणूस मधल्या फटीतून खाली घसरतो. हे माझ्या धड्यात होते. अगदी स्पष्ट होते. पण धड्याच्या बरोबर मधोमध होते, आणि मधोमध कोणी थांबत नसे.

यंत्र पोचवायला आलेल्या माणसाने विचारले, "कसं वापरायचं ते दाखवू का?" मग चहाच्या खोलीतली पाटी पाहिली आणि म्हणाला, "अरे वा, तुमचं तर सगळ्यांचं प्रशिक्षण पूर्ण आहे." आणि तो गेला. त्या क्षणी मला भिंतीवरून उडी मारावीशी वाटली.

शंकामावशींच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्यांनी शहाणोजींना विचारले, "नव्या झोळीचे पट्टे कसे लावायचे?" शहाणोजी म्हणाले, "झोळीचे अनेक प्रकार असतात. आपल्या झोळीच्या प्रकारानुसार पट्टे योग्य रीतीने लावावेत." शंकामावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "एवढं तर मलापण माहीत होतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात घंटी वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या मुलीचा निरोप आला की ती दुपारी भेटायला येते आहे. ती दूर राहायची, क्वचित यायची. काकांनी घाईमावशींना जवळ बोलावले. किती दिवसांनी त्यांचा आवाज बोळापर्यंत आला.

"मला आज खुर्चीत बसव. मागच्या खेपेला ती पलंगाशी बसून रडून गेली. म्हणाली, बाबा आता असेच राहणार. आज मला तिनं बसलेलं बघू दे."

"बसवते ना काका, राजासारखं बसवते!" घाईमावशी म्हणाल्या. डोळे पुसत त्या बाहेर आल्या आणि लगोलग माझ्यासमोर उभ्या राहिल्या, कारण साहेबांनी नव्या पाळण्याच्या धड्याची उजळणी पाठवली होती आणि ती जेवणाआधी पुरी करायची होती. त्यांनी सवयीने ठिपका ओढला. जोरात ओढला. माझे वय झालेले, अंग तापलेले. मी मध्येच अडकलो.

पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि त्यामागे एक चित्र थिजले. झोळीत बसलेली बाई समोरून दिसत होती, आणि तिच्या पायांमध्ये दोन पट्टे एकमेकांवरून तिरके गेले होते.

घाईमावशींनी बोटाने टकटक केले, बटण दाबून धरले, एक चापट मारली. "मेला नेमका आत्ताच मेला!" म्हणून त्या गेल्या. मला बंदही होता येईना.

लोक मला विचारतात, तू मुद्दाम अडकलास का? हो म्हणायला मला फार आवडेल. पण खोटे कशाला बोलू? मी म्हातारा होतो, म्हणून अडकलो. एवढे मात्र खरे, की अडकायचेच असेल तर याच जागी अडकावे, असे मला रोज वाटायचे.

जेवणे झाल्यावर तिघे पाळणा घेऊन काकांच्या खोलीत शिरले. दार उघडेच होते. मामांनी काकांना कुशीवर वळवून झोळी पाठीखाली सरकवली. घाईमावशींनी फाळके मांड्यांखालून घेतले आणि पट्टे दांड्याला लावले. सरळ लावले. जुन्या झोळीला लावत तसे.

मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवाची काय तगमग झाली, ते सांगायला माझ्या कुठल्या धड्यात शब्द नाहीत. मला ओरडायचे होते. आवाज बंद होता. मला चमकायचे होते. मी थिजलेलो होतो. काकांनी उशीखालून कंगवा काढून खिशात ठेवला होता, तोही मला दिसला. घाईमावशींनी बटणाचा रिमोट हातात घेतला.

"काका, घाबरू नका हं. मामा, तुम्ही बोलत राहा."

"आज काकांच्या बाह्या मी बघणार," मामा म्हणाले. काका हसले.

पलंगाच्या पायथ्याशी शंकामावशी उभ्या होत्या, तोंड दाराकडे. त्यांची नजर माझ्यावर पडली. फिरणारा गोल बघून आधी त्यांनी तोंड वाकडे केले. मग डोळे बारीक केले.

"थांब. बटण दाबू नकोस."

"आता काय गं?"

"त्या चित्रातल्या बाईचे पट्टे कात्रीसारखे आहेत. आपले सरळ आहेत. पण का?"

"अगं, ते चित्र अडकलंय. सकाळपासून बिघडलाय तो."

"चित्र अडकलं म्हणून पट्टे कसे तिरके होतील?" शंकामावशी माझ्यापाशी आल्या, काचेला नाक लावून बघू लागल्या. "तू पाहिलायस ना हा धडा? तुझी टिक आहे."

घाईमावशी हातातल्या रिमोटकडे बघू लागल्या.

"मामा, तुम्ही?"

"माझी टिक हिनं लावली," मामा म्हणाले. "आणि तुमची?"

"माझीपण हिनंच."

मग तिघेही एकमेकांकडे बघत उभे राहिले. खोलीत कोणी बोलेना. काकाच म्हणाले, "बोलत राहा रे कोणीतरी."

घाईमावशींनी रिमोट पलंगावर ठेवला. काकांचे पट्टे सोडवून त्यांनी झोळी काढली आणि शेजारच्या रिकाम्या पलंगावर नेली. मग चपला काढून स्वतः त्यावर आडव्या झाल्या. "आधी आपण झोपायचं," त्या म्हणाल्या. "लावा पट्टे. आत्ता लावले होते तसेच, सरळ. आणि उचला मला."

मामांनी त्यांना गादीपासून जरासे उचलले. क्षणभर सगळे ठीक वाटले. मग घाईमावशींचे गुडघे दोन बाजूंना फाकले, झोळी मधून उघडली आणि त्या फटीतून धपकन गादीवर आल्या. लागले काहीच नाही. पण त्या उठेचनात. पडल्या पडल्या शेजारच्या पलंगाकडे बघत राहिल्या, जिथे काका खिशावर हात ठेवून पडले होते.

"मी यांना खुर्चीपर्यंत नेणार होते," त्या म्हणाल्या. "वाटेत खाली गादी नव्हती." आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडू लागल्या.

शंकामावशींनी त्यांना रडू दिले. मग त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तिरके लावून बघू. ऊठ, नीट झोप." मग मजल्यावर किती दिवसांनी तो आवाज ऐकू आला. "असं नाही, असं." शंकामावशी माझ्याकडे बघून सांगत, मामा पट्टे ओवत, घाईमावशी आतून ओरडून सांगत की कुठे ओढ बसते आणि कुठे सैल आहे. एकदा डावा पट्टा खालून गेला, तो काढून पुन्हा घातला. या वेळी मावशी झोळीत घट्ट बसल्या. मग मामा बसले, डोळे मिटून. मामांचे वजन झोळीने पेलले तेव्हा कुठे शंकामावशींचे समाधान झाले.

आणि मग काकांना उचलले. मामा बोलत राहिले, बाह्यांबद्दल, कॉलरबद्दल, सुचेल त्याबद्दल. काका खुर्चीत टेकले तेव्हा तिघांनी एकदम श्वास सोडला.

"आधी आरसा," काका म्हणाले.

खुर्ची माझ्यासमोर आली. काकांनी कंगवा काढला, मान वर केली, आणि हिरमुसले. माझ्यावर अजून ते चित्र होते. भांग कुठे बघणार? "आज हापण परका झाला," ते हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटले. आणि मित्रांनो, त्याच वेळी, सकाळपासून तापून तापून, माझी बॅटरी संपली. गोल थांबला, चित्र गेले, काच काळी झाली. काचेत काका दिसले. मागे जिन्यावरून पायांचा आवाज आला, आणि काकांच्या खांद्यावरून त्यांच्या मुलीचा चेहराही दिसला. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. काकांनी भांग पूर्ण केल्याशिवाय मागे वळून बघितले नाही.

नंतरचे थोडक्यात सांगतो. घाईमावशी साहेबांकडे गेल्या नाहीत. त्यांनी साहेबांनाच वर बोलावले आणि सांगितले, "साहेब, या मजल्यावरची एकूणएक टिक माझ्या बोटाची आहे." साहेबांचा चेहरा लाल झाला. ते बोलायला लागणार तोच मावशी म्हणाल्या, "रागवा, पण नंतर. आधी झोळीत झोपा." साहेब बूट काढून, टाय सावरत झोपले. सरळ पट्ट्यांनी त्यांना उचलले, आणि साहेब गादीवर आले. उठल्यावर त्यांनी मावशींना रागावून घेतले, आणि मग चहाच्या खोलीतली पाटी स्वतः उतरवली. दुपारचा धडा पुन्हा सुरू झाला, काळ्या डब्याच्या कपाटाची किल्ली बाहेर आली, कट्टाही परत आला. शहाणोजी राहिले आहेत. पण त्यांनी सांगितलेले आधी कोणावर तरी करून बघतात. साहेबांनी धड्यांचे प्रश्नही बदलून घेतले, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यात लांब उत्तर चुकीचे निघाले आणि अख्खा मजला नापास झाला. शंकामावशी त्या दिवशी गाणे गुणगुणत होत्या.

मी मात्र त्यानंतर नीट चालू झालोच नाही. चहाच्या खोलीत मोठा नवा पडदा लागला. मला काढून चमच्यांच्या खणात टाकले. तिथे अंधारात पडून मी पलीकडचे वाद ऐकायचो आणि तळमळायचो. सगळे बघतायत ना? कोणी ठिपका तर ओढत नाही ना? मग एके दिवशी काकांचा आवाज आला. "माझा आरसा कुठं गेला रे?" मामांनी मला शोधून पुन्हा त्याच भिंतीवर लावले, या वेळी जरा खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

आता मला कोणी वीज देत नाही. तरी नवीन यंत्र आले की मी तापतो. घाईमावशी चपला काढून "आधी मी" म्हणताना ऐकू आल्या, आणि काका माझ्या काचेत दिसले, की मग गार होतो.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कुठेतरी कामाला लागाल. तिथे माझ्यापेक्षा हजारपट हुशार यंत्रे तुम्हाला शिकवतील. त्यांच्याकडून जरूर शिका. पण घाईत कोणाची खूण लावू नका आणि आपली दुसऱ्याला लावू देऊ नका. शेजारच्याला विचारा, शेजारच्याला दाखवा, आणि ज्याचा जीव तुमच्या हातात येणार आहे त्याच्या जागी आधी एकदा स्वतः झोपून बघा. माझ्यासाठी फार काही मागत नाही. येता-जाता मला पुसाल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा, ओल्याने नको. काचेवर डाग पडतात, आणि काकांना भांग नीट दिसत नाही.